कॅसेटमधलं नाव

हिरामण पेणच्या कारखान्यात गणपतींचे डोळे आखायचा. हात इतका स्थिर, की मालक मोठ्या मूर्ती त्याच्याशिवाय कुणाला देत नसे. अठ्ठ्याण्णवच्या माघात तो निडी स्टेशनात उतरला. हातात कॅसेट होती. दीड वर्षाची मेहनत, आठ गाणी, आणि आठांतही एकच नाव.

मेहनत दोघांची. निडीचा जितेश रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करायचा आणि सुट्टीला बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचा. हिरामणचा चुलतभाऊ बोटीवर कामाला. त्याने आणलेल्या परदेशी रॅपच्या कॅसेटी या दोघांनी झिजेपर्यंत ऐकल्या आणि ठरवलं, हेच हिपहॉप आपल्या आगरी बोलीत करायचं. मोठ्या कंपनीच्या दारात जायचं नाही, स्वतःच काढायची. ठेका जितेशचा, शब्द हिरामणचे. माईकसमोर हिरामणच्या तोंडाचा पट्टा असा सुटायचा की आवरता आवरत नसे. जितेशची बहीण नमिता समोर आली, की मात्र दातखीळ बसायची. चार वर्षं तिच्या हातचा चहा प्याला, पण 'साखर बरोबर हाय' याच्यापुढे गडी कधी गेला नाही.

गाण्यांना पुतळीबाईचा आवाज हवा, ही अक्कल हिरामणचीच. पुतळीबाई धवलारीण, आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी करणारी. जितेश फर्स्ट शिफ्टला होता, म्हणून हिरामणने एकट्यानेच म्हातारीला कारखान्यात बसवून रेकॉर्डचं बटण दाबलं. तिने आधी अट घातली.

"नवरा-नवरीची नावं सांग. नावांबिगर धवला नाय होत."

"कुठलीपन घे गो आये."

"कुठलीपन? ह्यो धवला हाय, पोरखेळ नाय."

टेप फिरत होती. चार वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते निघून गेलं. म्हातारीने पोरीचा गाव विचारला, बाप विचारला. त्याने तेही सांगितलं. मग ती अशी गायली, की त्याच्या अंगावर काटा आला. निडीच्या गोविंदाची लेक नमिता, तिचा नवरा हिरामण! हा आवाज त्याने एकट्यानेच आठही गाण्यांच्या खाली घातला. वाटलं, तयार कॅसेट जितेश ऐकेल, समजेल, आणि आपल्याला तोंड उघडावंच लागणार नाही.

आणि गेल्या आठवड्यात कोलाडच्या मुलाशी नमिताचं ठरलं. साखरपुडा रविवारी. पेणचा दुकानदार सोमवारी पाचशे कोऱ्या कॅसेटींवर ही गाणी भरून विकायला काढणार होता. टेपवर टेप चढवलेली, त्यातून म्हातारीचा आवाज आता वेगळा काढता येत नव्हता. दुसऱ्या नावाने गायला तिने साफ नकार दिला होता. ही कॅसेट कोलाडला वाजली असती, तर सोयरीक मोडलीच असती.

जितेशला आधी सांगायचं, असं हिरामण स्टेशनपासून घोकत आला होता. पण ओटीवर पाऊल टाकताच जितेशने कॅसेट हिसकावली आणि लावलीसुद्धा. मिनिटभरातच नाव आलं. बापाच्या नावासकट.

जितेशने टेप बंद केला. मग हिरामणची कॉलर धरली.

"कोनाला ऐकवलंस?"

"कोनालाच नाय. आईची शप्पथ."

"सोड त्याला," दारातून नमिता म्हणाली. ती कधी आली ते दोघांनाही कळलं नव्हतं. "पुढं लाव."

"नमे, आत जा."

"नाव माजं हाय ना? लाव."

तिने अख्खी बाजू उभ्यानेच ऐकली. हिरामणची नजर जमिनीवर. आत भात लागल्याचा वास सुटला, तरी ती हलली नाही. खट्कन टेप थांबला.

"धवला झाला, आनि नवरीला कोनी इचारलंच नाय," ती म्हणाली. "इचारलं असतंस ना हिरामण, तर मी व्हय म्हनाले असते."

जितेश चमकला. "मग अजून काय बिघडलंय? मी बाबांशी बोलतो."

"नाय. ज्याला जगाला ऐकवता येतं आनि मला इचारता येत नाय, त्याच्या घरात मी नाय नांदायची."

ती भात बघायला आत गेली. जितेशने कॅसेट काढून हिरामणच्या हातात ठेवली. सोमवारी पेणचा दुकानदार वाट बघत बसला. कॅसेट निघाली नाही, याचं दुःख जितेशला झालं. हिरामणला त्या 'व्हय'चं झालं, आणि ते अजून गेलेलं नाही.