रशियन काकूंच्या बाबांचा पुतळा

भांडायचं झालं की रशियन काकूंना मराठीच लागायचं. लेस्टरच्या आमच्या गल्लीत कौन्सिलची कचऱ्याची गाडी त्यांचा बिन न उचलता पुढे गेली, की ह्या गोऱ्यापान, निळ्या डोळ्यांच्या बाई ड्रेसिंग गाऊनवर धावत जायच्या आणि "काय रे, डोळे फुटले का तुझे?" असं खणखणीत नाशिककर सुरात विचारायच्या. ड्रायव्हर बिचारा मुकाट्याने गाडी मागे घ्यायचा. मी तेव्हा नवऱ्याच्या मागून साताऱ्याहून नुकतीच आले होते, समोरच्याच घरात राहत होते. परदेशात पहिल्यांदा पोट धरून हसले ती हे बघून.

हे मराठी त्यांना सासूने शिकवलं. नाशिकच्या विमान कारखान्यात रशियन तंत्रज्ञ आले, त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून काकू आल्या आणि तिथल्याच एका इंजिनियरच्या घरच्या झाल्या. पुढे काकांना लेस्टरला नोकरी लागली. मी गेले तेव्हा काका राहिले नव्हते, मुलगा आलोक बर्मिंगहॅमला असायचा, आणि काकू एकट्याच दीड दिवसाचा गणपती बसवायच्या. मोदकाच्या कळ्या पाडायला मला त्यांनी शिकवलं. वर विचारलं, "आईने काय शिकवलं तुला, नुसता कॉम्प्युटर?"

वडिलांचा विषय निघाला की मात्र हा आवाज खाली यायचा. ते दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानाचे पायलट होते. काकू पाळण्यात असताना एका मोहिमेवर गेले ते परतलेच नाहीत. विमान सापडलं नाही, माणूस तर नाहीच. मागाहून देशातलं सगळ्यात मोठं शौर्यपदक घरी आलं आणि गावच्या चौकात त्यांचा ब्रॉन्झचा अर्धपुतळा बसला. त्या पुतळ्याचा फोटो काकूंच्या देवघराशेजारी असायचा.

मी एकदा म्हटलं, काकू, हनुवटी अगदी तुमचीच आहे हो. तर त्या हसल्या. शिल्पकाराला द्यायला वडिलांचा धड फोटोच नव्हता. एक होता, त्यात अर्धा चेहरा टोपीखाली. म्हणून आईने आठ वर्षांच्या काकूंना शिल्पकारापुढे बसवलं. "लोकांची हनुवटी बापावर जाते. माझ्या बापाची माझ्यावर गेली," म्हणाल्या आणि पुन्हा भाजी चिरायला लागल्या. बापाचा चेहरा म्हणून त्यांच्यापाशी तेवढंच होतं, तेही अर्धं स्वतःचंच.

शौर्याचं कौतुक त्यांना सोसायचं नाही. महाराष्ट्र मंडळाच्या एका कार्यक्रमात कुणीतरी हौसेने 'वीरकन्या' म्हणून त्यांची ओळख करून दिली. परतताना बसमधून उतरायच्या आधी म्हणाल्या, "बॉम्ब टाकायचे ते. खाली पण कुणाच्या तरी मुली पाळण्यात असतील." तरी दर उन्हाळ्यात त्या गावी जायच्या, शेजाऱ्यांकडून बादली मागायच्या आणि भर चौकात पुतळ्याला साबण लावून आंघोळ घालायच्या. कानामागे सुद्धा चोळायच्या, असं आलोक सांगायचा.

मग काकूंच्या हृदयाने दगा दिला. डॉक्टरांनी प्रवासच बंद केला, आणि नेमकी त्याच वर्षी गावाहून बातमी आली. सोव्हिएत युनियन फुटल्यावर गाव वेगळ्याच देशात गेलं होतं आणि तिथल्या नव्या कारभाऱ्यांना चौकात सोव्हिएत वीर नको होता. पुतळा काढून गावाबाहेरच्या गोदामात ठेवणार होते. आलोकने मेल केले, मी पत्रं लिहिली, पण कुणी हिंग लावून विचारलं नाही. काकू मात्र भांडल्या नाहीत. एवढी भांडकुदळ बाई, पण चकार शब्द काढला नाही. मला तर बाई त्याचीच धास्ती वाटली.

एका संध्याकाळी त्या आपण होऊन बोलल्या. चौक तिथल्या लोकांचा आहे, त्यांना नको तर नको, आपण कुणावर जबरदस्ती करणार? पण एक गोष्ट त्यांना झोपू देत नव्हती. "तसंच उचलतील गं बाबांना," म्हणाल्या. "उत्तरपूजा न करता."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आपण मातीच्या गणपतीलाही अक्षता वाहून, जागचं जरासं हलवून, निरोप देऊन मगच उचलतो. आणि हा बाप, ज्याला ना चिता मिळाली ना खड्डा, त्याला साखळ्या बांधून क्रेनने नेणार! "आई, मी जातो ना. तू फक्त सांग what to do," असं आलोक परोपरीने म्हणाला. त्या ऐकेनात. निरोप लेकीनेच द्यायचा होता, आणि लेकीला जाता येत नव्हतं.

शेवटी आम्ही तो निरोप लेस्टरलाच दिला. पुढे त्याच थंडीत काकूही वारल्या, पण मला त्या आठवतात त्या निरोपाच्या सकाळच्या. तिकडे चौकात क्रेन येणार होती. इकडे पाटावर पुतळ्याचा फोटो, पुढे दही-पोहे. आलोक पहिल्या ट्रेनने आला होता आणि हात जोडून भिंतीशी उभा होता. मंत्र मी म्हणायचे असं ठरलं होतं. काकूंनी फोटोला गंध लावलं, अक्षता वाहिल्या, दोन्ही हातांनी फोटो धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग बोटभर सरकवला.

उत्तरपूजेच्या शेवटी देवाला पुन्हा यायला सांगतात. लहानपणापासूनची सवय, माझ्या तोंडून ते निघणारच होतं. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"नको गं. परत बोलवू नकोस," त्या म्हणाल्या. "आले तर पुन्हा विमानात बसवतील त्यांना."