कानामागचा तीळ

अंबरनाथला आमच्या समोरच्या खोलीत राहणारे काका थंडीतसुद्धा छत्री उघडूनच दूध केंद्रावर जायचे. मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याला मफलर आणि डोळ्यांवर उल्हासनगरात बनलेला 'फॉरेनचा' गॉगल. भाजीवालीशी घासाघीस करायची, तर आधी तिची पाटी सावलीत सरकवायला लावायचे.

"बिघडलेल्या पेशींना पकडणारं आपल्या अंगातलं पोलीस खातं जन्मापासून सुट्टीवर आहे," ते सांगायचे. "वडिलांकडून वारशात एवढंच आलं. डॉक्टर म्हणतो, अशा माणसाला कातडीचा कॅन्सर लवकर गाठतो. ऊन टाळा आणि तिळांवर नजर ठेवा."

नजर मात्र ते अख्ख्या चाळीच्या तिळांवर ठेवायचे. बोलता बोलता माझ्या मानेकडे बघून विचारायचे, "हा जुनाच ना रे?" मला भयंकर राग यायचा. पण घरी आल्यावर मी दोन आरसे धरून मान तपासायचोच.

एका हिवाळ्यात त्यांच्याच कानामागे नवा तीळ उगवला. माझी आई म्हणाली, "भाग्याचा आहे हो! राजयोग असतो."

"वहिनी, हा राजा फार भराभर वाढतोय," काका म्हणाले.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेलो, तर ते कुलूप लावत होते. कानामागे पांढरी पट्टी होती. मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "तिळगूळ घ्या, गोड बोला."

त्यांनी वडी तोंडात टाकली आणि छत्री उघडली.

"मी माझा तीळ डॉक्टरला दिलाय," ते म्हणाले. "आज रिपोर्ट आहे. बघू, तो काय गोड बोलतो."