आबांचे पाय

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम. झाले, वाशीला एका ऑफिसात लागले, आणि आबांना मोठ्या डॉक्टरकडे न्यायची ऐपत आली. आबा, म्हणजे माझे वडील, कांदा-बटाटा बाजारात माथाडी होते. पाठीवर गोणी घेऊन फळीवरून ट्रकात चढायचे, थप्पी लावायचे, पुन्हा उतरायचे. आमचा जिल्हा सातारा. बाजारात निम्मी टोळी आमच्याच भागातली.

छातीत जरा जड वाटलं म्हणाले, म्हणून नेलं. डॉक्टरही मुद्दाम आपला शोधला. त्याचं गाव आमच्या गावाला लागून, बाप शेतकरी, स्वतः एम.डी. झालेला. दवाखान्यात इतर पेशंट ताटकळत असताना त्याने आबांना आधी आत घेतलं, गावाकडच्या पावसापाण्याची चौकशी केली. आबांना तेवढंच पुष्कळ होतं. रक्त तपासलं, तर कोलेस्टेरॉल वाढलेलं. ते कमी करायची गोळी तेव्हा नवीनच निघाली होती. रोज रात्री जेवणानंतर एक, आणि बंद करायची नाही, असं बजावून सांगितलं. आबा ती गोळी तीर्थ घ्यावं तशी घ्यायचे, उजव्या तळहातावर, डोळे मिटून.

दिवाळीनंतर पोटऱ्यांत गोळे यायला लागले. आधी पहाटे उठताना, मग काम करताना. मांड्या ठेचल्यासारख्या दुखायच्या. आई तिळाचं तेल कोमट करून चोळायची, तर सुरुवातीला हात लावू देईनात. डॉक्टरकडे पुन्हा गेलो. त्याने पोटरी दाबून बघितली आणि हसून म्हणाला, जन्मभर ओझी वाहिली, पाय बोलणारच की आता. वय झालं. वेदना कमी व्हायला दुसरी गोळी लिहून दिली. पहिली चालूच ठेवायला सांगितली.

मग एक दिवस फळीवर मधोमध आबांचा पाय आखडला. गोणी खाली गेली, फुटली, कांदे ट्रकाखाली घरंगळले. बाकीच्यांनी ते गोळा केले. टोळीत कोणाचं दुखलंखुपलं तर बाकीचे सांभाळून घेतात, ती रीतच आहे. दुसऱ्या दिवसापासून आबांच्या हातात दाभण आणि सुतळी आली. खाली बसून गोण्यांची तोंडं शिवायची. पण टोळीची मजुरी सगळ्यांत सारखी वाटली जाते, आणि तेच आबांना सोसवेना. घरी येऊन भिंतीला टेकून बसायचे. एकदा म्हणाले, "दुसऱ्याच्या पाठीवर खातूय मी, पोरी. ह्ये काय जगनं हाय व्हय?"

माथाड्याला पाठ आणि पाय सोडून दुसरी इस्टेट नसते. असलीच तर तिसरी म्हणजे बिल्ला, माथाडी म्हणून नोंद असल्याचा; त्याच्याशिवाय टोळीत काम मिळत नाही. काम सोडताना तो घरच्या माणसाच्या नावावर करता यायचा. त्यांचं मूल मी एकटीच, आणि मुलीने गोणी उचलायची पद्धत नाही. म्हणून आबांनी गावाहून पुतण्याला आमच्या घरी राहायला बोलावलं. माझा चुलतभाऊ, नुकतंच लग्न झालेला. मी आबांना थांबा म्हणाले, डॉक्टरला आणखी एकदा विचारू. आबा म्हणाले, डॉक्टर आपलाच हाय, काय असतं तर बोलला नसता का? बिल्ला भावाच्या नावावर झाला. ज्या दिवशी तो पहिल्यांदा कामाला गेला, त्या दिवशी आबांनी आपला आकडा, गोणी ओढायचा तो लोखंडी हूक, तेलाने पुसून त्याच्या हातात दिला.

पुढे उन्हाळ्यात आबांना ताप आला. आमच्या सेक्टरमधल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तापाचं बघता बघता त्यांनी विचारलं, औषधं कोणती चालू आहेत? मी गोळीचं नाव सांगितलं. त्यांनी आबांच्या मांड्या दाबून पाहिल्या, रक्ताची आणखी एक तपासणी करायला लावली आणि रिपोर्ट बघून ती गोळी बंद केली. काहींच्या स्नायूंना ही गोळी मानवत नाही, म्हणाल्या. कोलेस्टेरॉलचं आपण दुसऱ्या मार्गाने बघू.

पाऊस सुरू व्हायच्या आत आबांचे पाय मोकळे झाले. एके सकाळी पाण्याचा भरलेला पिंप त्यांनी एकट्याने मोरीतून ओट्यापाशी आणून ठेवला. आई बघतच राहिली. आबा स्वतःच्या पोटऱ्यांकडे बघत होते. आनंद नव्हता चेहऱ्यावर. बाजारात आपल्याला कोणी काट्यावर फसवलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा.

मी ऑफिस सुटल्यावर एकटी त्या डॉक्टरकडे गेले. बसले नाही. विचारलं, गोळीने पाय दुखतात हे तुम्हाला ठाऊक होतं का?

"काही जणांना होतं तसं," तो म्हणाला. "थोडं दुखलं म्हणून चालू औषध सोडायचं नसतं."

"आम्हाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर त्यांनी घेतली असती? अगं, आपल्या लोकांना मी ओळखतो."

"ओळखता म्हणूनच तर आलो होतो तुमच्याकडे," मी म्हणाले आणि निघाले. मला डिग्री आहे, मला इंग्रजी वाचता येतं, हे त्याला माहीत होतं. तरी त्याच्या लेखी मीही त्या लोकांतलीच.

मला वाटलं होतं, निदान बाजारात तरी खरं सांगता येईल. आबा एकदा टोळीला भेटायला गेले, ताठ चालत. मुकादमाने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आबा, पाय तर घोड्यावानी झालं की. पुतन्या चिकटला आन् दुखनं पळालं व्हय?"

सगळे हसले. आबांनी गोळीचं सांगितलं. गोळीनं दुखणं जातं का येतं, असं कोणीतरी विचारलं, आणखी हसले. लेक शिकलेली आहे, तिनेच पढवलं असेल, असंही एक जण बोलला. अंगचोर, असा शब्दही मागून कोणीतरी टाकला. भाऊ तिथेच उभा होता. घरात त्याने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, आई तेल चोळायची तेव्हा वाटी तोच धरायचा. तो खाली बघून आकडा पुसत राहिला. नंतर मी त्याला जाब विचारला, तर म्हणाला, "मी बोललो असतो तर म्हनले असते, पाय बरे हायेत ना, मग बिल्ला माघारी दे. बायको आनलीय मी गावाहून." बिल्ला मागायचं आबांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांना फक्त अंगचोर हा शब्द पुसायचा होता.

श्रावणात टोळीची सत्यनारायणाची पूजा असते. आमंत्रण आलं, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. मी आबांबरोबर गेले. बस थांब्यापासून आबा माझ्या पुढे झपाझप चालत होते, मलाच पळावं लागत होतं. बाजाराचं गेट दिसलं तसे ते थांबले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि डावा पाय ओढत चालू लागले.

"आबा, पुन्हा दुखायला लागलं?"

"न्हाई. चल तू."

मांडवातून भाऊ धावत आला. त्याने आबांचा दुसरा दंड धरला.

"सावकाश, आबा," तो म्हणाला. सगळ्या टोळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.