यादीत नसलेली कंपनी

२ मार्च, रविवार. भावाच्या शेतातली नवी तूर आली होती, ती सुपात पाखडत मी ओसरीवर बसले होते. माझी संशोधक विद्यार्थिनी घाटंजीहून प्रबंधावर सही घ्यायला आली. दुसऱ्या दिवशी तिला अमरावतीला विद्यापीठात प्रबंध द्यायचा होता. जूनच्या आत पीएचडी झाली तरच तिची घाटंजीच्या कॉलेजातली नोकरी पक्की होणार होती.

मी यवतमाळात एका मॅनेजमेंट कॉलेजात गुंतवणूक शिकवते. शेअर खऱ्या मोलापेक्षा स्वस्तात घेऊन दहा वर्षं धरून ठेवले तर हाती काय लागतं, हा माझा विषय. तिचा प्रबंध मी तयार केलेल्या कंपन्यांच्या यादीवरच उभा होता.

तिनं दुसरं सूप ओढलं, थोडी तूर पाखडली आणि विचारलं, "मॅडम, लोहाऱ्याची ती सरकीच्या तेलाची कंपनी आपल्या यादीत काहून नाही? माह्या मामानं स्वस्त आहे म्हणूनच तिचे शेअर घेतले होते."

"ती बंद पडली. बाजारातून नाव गेलं. यादीत कशी येईल?"

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. आज बाजारात टिकून असलेल्या कंपन्या घेऊन मी मागे हिशेब करत गेले होते. ज्या स्वस्तात मिळत होत्या आणि पुढे बुडाल्या, त्या आधीच गळल्या होत्या. मग नफा दिसणारच. ही चूक टाळा, असं मी दर वर्षी वर्गात सांगते. त्या कंपनीच्या गंजलेल्या फाटकावरून रोज स्कूटीनं जाते.

तिला हे कळलं आहे, ते मला दिसत होतं. तरी म्हणाले, "तुझ्या मामाचं रडगाणं म्हणजे संशोधन नव्हे." आणि सही केली. तिनं मान खाली घालून हातातलं सूप पुरं केलं, मग गेली.

दुपारी, ज्या वर्षापासून हिशेब धरला होता त्या वर्षाची बाजारातल्या सगळ्या कंपन्यांची यादी काढून आमच्या यादीशी ताडली. पहिल्याच पानावर इतकी नावं गळलेली निघाली की दुसरं पान उलटलं नाही. तिला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. फोनवर तिचं तोंड पाहावं लागलं नसतं, ती पळवाट झाली असती.

सकाळी यवतमाळच्या बसस्टँडवर गेले; घाटंजीहून येऊन ती इथंच बस बदलणार होती. ती अमरावतीच्या बसमध्ये खिडकीशी बसली होती, मांडीवर प्रबंधाच्या प्रती. मी म्हटलं, "उतर. यादी चुकली आहे, माझी. मामाबद्दल बोलले तेही चुकलं."

ती खाली आली. "मंग जून हातचा गेला ना, मॅडम?"

"गेला."

"मले वाटलंच होतं. पण तुम्ही सही केली, तं म्हटलं आपलंच डोकं कमी."

प्रती स्कूटीवर पायापाशी ठेवल्या, तिला मागे बसवलं आणि थेट तिच्या प्राचार्यांकडे घाटंजीला नेलं. चूक कोणाची आणि उशीर कोणामुळे, ते तिच्यासमोर सांगितलं आणि तिथंच बसून तसं लिहून दिलं.