पारापुढची चप्पल

गौरम्माचे पाय काही जन्मापासून मुके नव्हते. निलंग्याकडून लग्न होऊन रेणापूरजवळच्या या गावात आली, तेव्हा काटा मोडला की तीही चारचौघींसारखी "अव्वा गं!" करायची. मग अंगावर महारोगाचा चट्टा उठला आणि लोकांनी तोंडं फिरवली. नवऱ्यानं, मलप्पानं, तेवढी पाठ फिरवली नाही. दवाखान्याच्या गोळ्या खाऊन रोग गेला, पण जाताना दोन्ही तळव्यांची जाणीव घेऊन गेला. विस्तवावर पाय पडला तरी कळेना! तरी गाव तिच्या घरी पाणी पिईना. पहिल्यांदा पाणी प्याला तो तिचा चुलत सासरा, धोंडप्पा. भर पारावर म्हणाला, "मी प्यालो, मेलो का?" तेव्हापासून गौरम्माला म्हातारा देवाच्या जागी.

लातूर नवा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. पाट्या बदलल्या, साहेब आले, जीपगाड्या आल्या. पाऊस तेवढा यायचा राहिला. त्या दुष्काळात गौरम्माच्या डाव्या तळव्याला जखम झाली. दुखत नव्हती, म्हणून फार उशिरा दिसली.

लातूरला एका मोठ्या दवाखान्यात पायांची वेगळी खोली होती. तिथं कॉलेजातली पोरंपोरी पाय शिकायला यायची. हसू नका, पायसुद्धा शिकावा लागतो. गौरम्मा आली संघमित्राच्या वाट्याला. ही हदगावकडची, बौद्ध घरातली, त्या घरात कॉलेजचं तोंड बघणारी पहिलीच पोर. ती शाई लावून तळव्याचा ठसा घ्यायची. डोळे मिटायला लावून पेनाच्या टोकानं टोचायची. "मावशी, कळतंय का?"

"न्हाई माय."

भार कुठं पडतो ते बघून संघमित्रानं मऊ काळ्या रबराची चप्पल करून घेतली. जखमेखाली येणारं रबर स्वतःच्या हातानं कोरलं.

"मावशी, अनवाणी पाऊल टाकायचं नाही. हा पाय राहिला तर चालाल, नाही तर कापावा लागेल."

"न्हाई टाकत, माय. पाय गेला तर माझं हाय काय?"

आणि बाईनं शब्द पाळला बरं. रानात चप्पल, घरात चप्पल. शेजारणी नाकं मुरडायच्या, तरी चप्पल. पण जखम काही भरेना. दर खेपेला संघमित्रा विचारी, "अनवाणी चालता का?" गौरम्मा खरेपणानं सांगे, "न्हाई." मग पोरगी पुन्हा ठसा घेई, पुन्हा रबर कोरी, मोठ्या डॉक्टरसरांची बोलणी खाई. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी!

आग कुठं होती? तर गावच्या पारापुढं. घरामागचा आड दुष्काळात आटला होता. पाणी उरलं होतं पल्याडच्या विहिरीला, आणि वाट जायची पारापुढून. पारावर धोंडप्पा आणि चार म्हातारे बसलेले. लेकीसुनांनी त्यांच्यापुढून चप्पल घालून जायचं नाही, ही गावची रीत. डोक्यावर घागर, काखेत चप्पल, खाली तापलेली फरशी आणि बाभळीचे काटे. दिवसभर खेपा. याला अनवाणी चालणं म्हणतात हे त्या माऊलीच्या स्वप्नातही नव्हतं. तिच्या लेखी तो मान होता. माणूस चालतो ते वेगळं आणि मान देतो ते वेगळं, नाही का?

संघमित्राला हे उमगलं ते फार उशिरा. जखम वास मारायला लागली, तेव्हा मोठ्या सरांनी गौरम्माला आपल्या खोलीत बोलावलं. पांढऱ्या केसांचा माणूस समोर दिसताच गौरम्मानं उंबऱ्याशीच चप्पल काढली, काखेत धरली आणि पदर सावरून आत गेली. संघमित्रा बघतच राहिली.

"मावशी, चप्पल का काढली?"

"मोठं मानूस बसलंय न्हवं? पारापुढं बी काढतो की आमी."

"रोज?"

"पान्याला रोजच जावं लागतं माय."

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही. "माझ्या आज्याला चपला हातात धरायला लावायचे, मावशी. त्यानं सोडलं ते. तुम्हाला कुणी लावलं?"

"कोनी न्हाई लावलं," गौरम्मा गोंधळून म्हणाली. "आमाला तसंच शिकवलंय."

सरांनी जखमेत सळई घातली, ती थेट हाडाला लागली. हाड सडलं होतं. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय! डावा पाय गुडघ्याखालून गेला. निघताना संघमित्रानं उजव्या पायासाठी नवी चप्पल दिली. म्हणाली, "हा तरी राखा, मावशी. हासुद्धा मुकाच आहे."

एस.टी.तून उतरून गौरम्मा कुबड्यांवर घराकडं निघाली. मागं गठुडं घेऊन मलप्पा. पार आला. ती थांबली, उजवा पाय चपलेतून सोडवून घेतला. पण कुबड्या धरून वाकायचं कसं?

धोंडप्पाला मलप्पानं सगळं सांगितलं होतं. तेव्हापासून म्हाताऱ्याला अन्न गोड लागत नव्हतं. तो पारावरून उतरला. वाकला. सुनेची चप्पल दोन्ही हातांनी उचलली, उपरण्यानं पुसली आणि तिच्या पावलाशी ठेवली. सासऱ्यानं सुनेच्या चपलेला हात लावलेला त्या गावात कुणी पाहिला नव्हता.

"घाल पोरी," तो म्हणाला. "माझ्याम्होरं घाल. मान गेला चुलीत."

गौरम्मा कुबड्यांवर मागं सरली. "आप्पा, ह्ये काय केलंव? तुमचा हात लागला हिला. आता हिच्यावर म्या पाय कसा देऊ?"

तिनं कुबड्या पुढं टाकल्या. तापल्या फरशीवर तो उघडा, मुका पाय टेकवत घरापर्यंत गेली. मागून मलप्पानं चप्पल आणली, तेव्हा तिनं ती कापडाच्या धडप्यात बांधून आढ्याला टांगली. पायात पुन्हा घातली नाही.