उजवा कौल

डिचोलीच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात एक काका रोज माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत. आत बोलावेपर्यंत पाय सरळ करून उचलायचे, हवेत धरायचे, सावकाश खाली ठेवायचे. फक्त उजवा. भाजलेल्या उंड्या पावासारखा फुगलेला डावा गुडघा ते दोन्ही हातांनी बाजूला सारत, सोबत आलेला पाहुणा असल्यासारखा. आतली मुलगी ओरडायची, "काका, डावा! डावा!" ते ऐकत नसत.

न राहवून मी म्हटलं, "अहो, दुखतो तो डावा ना?"

"दुखता तो डावोच, बाय. डाक्तरान ऑपरेशन सांगल्यान. म्हणून मी देवळात कौल लावलो. नुसत्या व्यायामान गुडघो बरो होतलो काय, असा देवाक इचारलंय. पाकळी उजवेक पडली."

मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडे पडली तर होकार, डावीकडे पडली तर नकार, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"म्हणजे देव हो म्हणाला!"

"हो म्हणालोच. आणि खयचो गुडघो, ता पण सांगल्यान."

"मग डाव्यासाठी वेगळा कौल लावा की."

त्यांनी माझी कीव केली. "आणि पाकळी डावेक पडली तर? देव नाय म्हणालो, असा होतला मा?"

मी माझे दोन्ही पाय उचलू लागले. दोन्ही गुडघे दुखणाऱ्या बाईने देवाशी वाद घालू नये.

महिन्याभराने ते बसस्टँडवर दिसले. डावा पाय फरफटत होता, उजवी मांडी मात्र पैलवानाची. मी विचारायच्या आत त्यांनी उजव्या गुडघ्यावर थाप मारली.

"देवाचो शब्द खोटो नाय, बाय. हो उजवो एकदा तरी दुखलो काय?"