मावशीने दुरुस्त केलेला स्वेटर

माझी मावशी टायपिंग करते. कोर्टासमोर रस्त्यापलीकडे तिची खोली आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकासाठी एक खुर्ची, जिच्यावर बसलं की पाठ कामातून जाते. भाडेकरार, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, हेच काम. आणि वर्षातून एखादा सिनेमा. एक लेखक आहे, तो अजून हाताने लिहितो, आणि त्याचं अक्षर अख्ख्या जगात फक्त मावशीला लागतं. त्याचे सगळे सिनेमे खुनाचे. मावशीने आजवर त्याचे अकरा खून टाइप केलेत.

ती नुसतं उतरवत नाही, चुकाही काढते. तो पक्का विसरभोळा. एकदा विसाव्या पानावर मेलेला कुत्रा सत्तराव्या पानावर भुंकला. मावशीने त्याला गप्प केलं. एका डॉक्टरचं आडनाव तीनदा बदललं, तिने एकच ठेवलं. तो दर वेळी म्हणायचा, "ताई, तुम्ही आहात म्हणून माझी अब्रू आहे."

तोच माणूस परवा दुपारी आला आणि कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटला.

"ताई, माझा खुनी सुटला!"

"म्हणजे?"

"निर्मात्याला वाचून दाखवलं. शेवटी तो विचारतो, नवऱ्याला पकडलं कशावरून? मी पानं उलटतोय, उलटतोय, पुरावाच गायब! उद्या बारापर्यंत वेळ दिलाय त्याने. नाहीतर दुसऱ्या कुणाची गोष्ट घेणार. तीन वर्षं घासलीय हो मी ही."

झालं होतं असं. गोष्टीतली बाई सकाळी करडा स्वेटर घालून घरातून निघते. ऑफिसात त्यावर शाई सांडते, म्हणून मैत्रिणीचा लाल घालते. संध्याकाळी ती नाहीशी होते. प्रेत अजून सापडलेलं नाही, आणि नवरा पोलिसांना सांगतो, "सकाळी पाहिलं तेच शेवटचं. लाल स्वेटर होता अंगात." तिथेच तो फसतो, कारण लाल स्वेटर त्याने संध्याकाळीच पाहिला असणार. आणि मावशीने त्या लालचा करडा केला होता.

"मला वाटलं, विसरलात," मावशी म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला.

मी शेजारीच बसले होते, मला राहवलं नाही. "तिला आधी सांगायचं ना, इथे हात लावू नका म्हणून!"

"सांगितलं असतं तर रहस्य कसलं?"

"मग ओरडता कशाला? तुमचे मेलेले कुत्रे गप्प करते तेव्हा गोड लागतं!"

"तू गप गं," मावशी मला म्हणाली. पण तिचं लक्ष नवऱ्याच्या जबाबाच्या पानावर होतं. लेखक म्हणाला, "लाल करा, प्रिंट द्या, मी निघतो." ही हलेना.

"भाऊ, लाल केलं तरी भागणार नाही."

"का?"

"मी तुमचे अकरा खून टाइप केले. मला ही चूक वाटली. थेटरात बसलेल्यालाही तेच वाटणार. म्हणेल, लेखक गंडला. आणि शेवटी पोलीस त्या लालवरूनच नवऱ्याला पकडतील तेव्हा म्हणेल, फसवलं आपल्याला."

"मग काय, पाटी लावू, हा बघा पुरावा?"

"पाटी नको. तिथे आणखी कोण आहे खोलीत?"

लेखकाने पान पाहिलं. "सासू. कपड्यांच्या घड्या घालतेय. तिला वाक्य नाही."

"सकाळी सून निघाली तेव्हा दार कुणी लावलं?"

"सासूनेच." तो खुर्चीत बसला. त्या खुर्चीत! "म्हणजे तिला करडा माहीत आहे."

"वाक्य नकोच तिला. तो लाल म्हणतो, तिचा हात थांबतो. मग ती परत घडी घालते. बस."

मी म्हटलं, "पण मग ती बोलत का नाही?"

"मुलगा आहे तिचा," मावशी म्हणाली.

मग मावशीने दोन ओळी टाइप केल्या आणि करड्याचा परत लाल केला. लेखक प्रिंट घेऊन पळाला.

दुसऱ्या दिवशी बारा वाजले, एक वाजला. मावशी एका भाडेकरारावर बसली होती, पण दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत होती. अडीचला तो आला.

"घेतली! वाचून झाल्यावर निर्मात्याने ते पान पुन्हा काढलं. मग विचारतो, म्हातारीला तेव्हापासून माहीत होतं? मी म्हटलं, हो. म्हणाला, कागद इथेच ठेवा."

मी शिट्टी मारली. मावशी हसलीसुद्धा नाही.

"भाऊ, पकडेपर्यंत किती दिवस गेले?"

"नऊ. का?"

"म्हणजे नऊ दिवस ती म्हातारी त्याला जेवायला वाढत होती. समोर बसून. काय बोलत असेल हो त्याच्याशी?"

लेखक म्हणाला, "ते मी नाही लिहिलं."

"नका लिहू," मावशी म्हणाली. तरी तो गेल्यावर तिने मला विचारलंच, "तुला काय वाटतं, काय बोलत असेल?"